श्रीगोंद्याचे शेख महंमद: वाचकांच्या हाती देताना

शके 1567 मध्ये, म्हणजे इ.स. 1645 साली, श्रीगोंद्याला शेख महंमद नावाच्या एका सूफी साधकाने ‘योगसंग्राम’ हा ओवीबद्ध ग्रंथ पुरा केला. तुकोबा तेव्हा देहूत होते, समर्थ रामदास तीर्थाटन आटोपून कृष्णाकाठी आले होते आणि शिवाजीराजे 15 वर्षांचे होते. मराठी संतकवितेच्या या भरात कादरी सूफी परंपरेतला एक मुसलमान साधक मराठीत 18 प्रसंगांचा ग्रंथ लिहितो, त्यात अल्लाचे आणि हरीचे नाव सारख्याच प्रेमाने घेतो आणि दोन्हीकडच्या दांभिकांना सारखेच फैलावर घेतो. वारकरी त्यांना संतांच्या मेळ्यात बसवतात. त्यांच्या समाधीवर फुले वाहिली जातात आणि चादरही चढते.

एवढे असूनही शेख महंमद आज फार थोड्यांनी वाचलेले कवी आहेत. त्यांचे नाव मात्र सर्वांना ठाऊक असते. गावात तणाव झाला, शांतता समितीची बैठक बसली किंवा राष्ट्रीय एकात्मतेवर भाषण करायचे ठरले की कबीराच्या जोडीने हे नाव निघते आणि भाषण संपले की पुन्हा मिटते. सलोख्याचा दाखला म्हणून त्यांचा उपयोग झाला, पण त्या दाखल्यामागे एक कवी आहे याची चौकशी कोणी केली नाही. ही निवड त्या चौकशीसाठी केली आहे. माझे म्हणणे सरळ आहे. शेख महंमद हे सलोख्याचे गोड कवी नाहीत. माणसाने स्वतःच्या आत जी लढाई द्यायची असते तिचे ते कवी आहेत. ती लढाई लढता लढता हिंदू-मुसलमान हा भेद त्यांच्या हातून गळून पडला. तो भेद मिटवण्यासाठी त्यांनी लेखणी उचलली नव्हती, आणि म्हणूनच त्यांच्या शब्दांत उसनेपणा नाही.

आधी काळ पाहू. शेख महंमदांचे आयुष्य निजामशाहीच्या मुलखात गेले. अहमदनगरची ती सत्ता त्यांच्या डोळ्यांदेखत खचली. मलिक अंबर 1626 मध्ये वारला, 1630 च्या सुमारास दख्खनमध्ये दुष्काळ पडला. त्याच दुष्काळाने तुकोबांचे घर उद्ध्वस्त केले. पुढे 1636 मध्ये मोगल आणि आदिलशाही यांच्यात निजामशाहीची वाटणी झाली. फौजा येत होत्या, जात होत्या, पिके तुडवली जात होती आणि एकाच गावाने वेगवेगळ्या धन्यांना सारा भरावा अशी वेळ येत होती. या धामधुमीनंतर नऊ वर्षांनी जो ग्रंथ पुरा झाला त्याचे नाव ‘योगसंग्राम’ असावे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. संग्राम म्हणजे काय हे त्या पिढीला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. शेख महंमदांनी तोच अनुभव आत वळवला. काम, क्रोध, लोभ आणि अहंकार हे खरे शत्रू, आणि साधना हे रण.

चरित्राची माहिती त्रोटक आहे, आणि तिच्यात इतिहास व आख्यायिका गुंतलेल्या आहेत. राजे महंमद हे त्यांचे वडील आणि फुलाई ही आई असे परंपरा सांगते. मराठवाड्यातल्या बीड भागाशी त्यांच्या पूर्वायुष्याचा संबंध जोडला जातो. पुढे मालोजीराजे भोसल्यांनी त्यांना गुरुस्थानी मानले, श्रीगोंद्याला आणले, तिथे मठ बांधून दिला अशी माहिती मिळते. त्या काळी या गावाला चांभारगोंदे म्हणत. मालोजी हे शिवाजीराजांचे आजोबा. अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस बोलून मुलगे झाले म्हणून त्यांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही हकिकत ‘शिवभारता’त आली आहे. म्हणजे भोसल्यांच्या घराला पिराची ओळख होतीच. एका सूफी साधकाला त्या घराने मठ बांधून दिला यात त्या काळच्या माणसाला वावगे काही वाटले नसणार.

संतचरित्रांत शेख महंमदांची एक गोष्ट येते. ती इथे सांगायलाच हवी. खाटकाच्या घरातला हा मुलगा. एके दिवशी त्याच्या हाती सुरी देऊन त्याला बकरे कापायला सांगितले. सुरी चालवण्याआधी त्याच्या मनात आले, कापताना होते तरी काय ते आधी पाहावे. त्याने आपल्याच बोटावर सुरीचे टोक ओढले. रक्त आले, कळ मस्तकात गेली. एवढ्याशा जखमेला ही वेदना, तर मान कापताना या मुक्या जीवाचे काय होत असेल? त्याने सुरी टाकली आणि घर सोडले. इतिहासाच्या कसोटीवर ही गोष्ट टिकेल असे नाही, कारण राजे महंमदांच्या घराची जी माहिती मिळते ती या कथेशी जुळत नाही. तरी लोकांनी हीच गोष्ट का जपली हे कळते. दुसऱ्याला शिकवण्याआधी सुरी स्वतःवर चालवून पाहायची, ही शेख महंमदांच्या कवितेची रीत आहे. ‘योगसंग्राम’ वाचलेल्या कुणीतरी ही गोष्ट प्रथम सांगितली असावी, इतकी ती कवीच्या स्वभावाला जुळते.

त्यांची गुरुपरंपरा हा तर स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. त्यांचे गुरू चांद बोधले. त्यांची समाधी दौलताबादला आहे. परंपरेप्रमाणे हेच चांद बोधले जनार्दनस्वामींचेही गुरू, आणि जनार्दनस्वामी हे एकनाथांचे गुरू. एकनाथी परंपरेत दत्तात्रेयांनी नाथांना मलंगाच्या वेशात दर्शन दिल्याची कथा आहे. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी या कथेचा धागा चांद बोधल्यांपर्यंत नेला, आणि दत्तसंप्रदाय व सूफी पंथ यांची मुळे कशी एकमेकांत गुंतली आहेत ते दाखवले. दुशान डेआक या स्लोव्हाक अभ्यासकानेही पुढे हाच धागा तपासला आहे. हे मान्य केले की महाराष्ट्राच्या भक्तिपरंपरेचा नकाशा बदलतो. पैठणचे नाथ आणि श्रीगोंद्याचे शेख महंमद एकाच झाडाच्या दोन फांद्या ठरतात. नाथांचे ‘हिंदु-तुर्क संवाद’ हे भारूड कुठल्या मातीत उगवले असेल, तेही मग उमगते.

चांद बोधले कादरी. या पंथाचे मूळ पुरुष बगदादचे अब्दुल कादिर जिलानी, बाराव्या शतकातले. त्यांनाच आपल्याकडे ‘पीर दस्तगीर’ म्हणतात. आमच्या सीमाभागातल्या वाचकाला हे नाव परके नाही. इथे कितीतरी घरांत मुलाचे नाव दस्तगीर असते. निपाणीच्या दर्ग्याचा उरूस याच पीर दस्तगीरांचा, आणि त्याच्याशी संत बाबामहाराज चव्हाण यांचे नाव जोडलेले आहे. उरुसात निपाणीचा आणि आसपासच्या खेड्यांचा सगळा समाज उतरतो. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना ज्या परंपरेने घडवले तीच परंपरा निपाणीत आजही जिवंत आहे. तिच्या दारात हिंदू आणि मुसलमान दोघे उभे असतात.

शेख महंमदांची ग्रंथरचना मोठी आहे. ‘योगसंग्राम’, ‘पवनविजय’, ‘निष्कलंकप्रबोध’ हे मुख्य ग्रंथ, शिवाय अभंग, रूपके आणि दखनी बोलीतली काही पदे. ‘पवनविजया’त श्वासाचे शास्त्र आहे. कोणत्या नाकपुडीतून वारा वाहतो, त्यावर मन कसे अवलंबून असते, अशी ती चर्चा नाथपंथी स्वरोदयाच्या परंपरेत बसते. सूफी साधकही श्वासावर नाम चढवतात, तेव्हा हा विषय त्यांना दोन्ही बाजूंनी आपला होता. ‘निष्कलंकप्रबोध’ हा मात्र रोखठोक ग्रंथ आहे. पैसे उकळणारे गुरू, भगव्या किंवा हिरव्या कफनीआड पोट भरणारे ढोंगी, भुताखेतांच्या नावाने लोकांना नाडणारे, जातीचा ताठा मिरवणारे, यांच्यावर तिथे कोरडे ओढले आहेत. कुणाचीही गय केलेली नाही.

‘योगसंग्राम’ हा त्यांचा शिखरग्रंथ. गीतेचे अध्याय 18 आणि याचे प्रसंगही 18. ज्ञानेश्वरीच्या ओवीचा संस्कार त्यावर उघड दिसतो, पण ओवीचा बाज निराळा आहे. ज्ञानदेवांची ओवी उपमांनी फुलत जाते. शेख महंमदांची ओवी थांबते, खडसावते, प्रश्न टाकते आणि पुढे निघते. मध्येच फारसी-दखनी शब्द येतात आणि संस्कृत पारिभाषिक शब्दांच्या पंक्तीला बिनदिक्कत बसतात. एखादा शब्द कुठून आला याची कवीला पर्वा नाही, तो नेमका बसला की झाले. निर्गुणाचा विचार, गुरुकृपेची थोरवी, षड्रिपूंशी झुंज, क्षुद्र देवतांपुढे बळी देण्याच्या प्रथेवर टीका, मूर्ती फोडण्यात पुण्य मानणाऱ्यांवर टीका, असे विषय एकामागून एक येतात. बळी देणारा आणि मूर्ती फोडणारा या दोघांची चूक शेख महंमदांच्या लेखी एकच आहे. दोघेही देवाला बाहेर शोधतात. आतले रण सोडून पळालेला माणूस बाहेर पराक्रम दाखवतो, हे त्यांचे निदान. आजच्या वाचकाला त्यासाठी वेगळे भाष्य लागणार नाही.

ते स्वतःला ‘अविंध’ म्हणवून घेतात. आपला जन्म कुठल्या घरात झाला हे त्यांनी लपवले नाही, की त्याबद्दल माफी मागितली नाही. विठ्ठलाचे अभंग लिहिताना त्यांनी नाव बदलले नाही. कबीराला ते वडीलधारा मानतात, आणि लोकांनी तर त्यांना कबीराचाच अवतार ठरवले. ज्ञानदेवांचे एकनाथ झाले, नामदेवांचे तुकोबा झाले, तसे कबीराचे शेख महंमद झाले, अशी संतपरंपरेची समजूत आहे. रामदासांनी त्यांचा गौरव केला, मोरोपंतांनी ‘सन्मणिमाले’त त्यांची आठवण ठेवली. एकाच कवीला वारकऱ्यांनी, समर्थांनी आणि पंडितकवीने मान द्यावा असे फार क्वचित घडते.

ते एकटेही नव्हते. बिदरकडचे मुंतोजी, ज्यांना मृत्युंजय म्हणून ओळखतात, गीतेवर ‘अंबरहुसेनी’ ही टीका लिहिणारे हुसेन अंबरखान, ‘सिद्धांतबोध’कार शहामुनी अशी मुसलमान मराठी कवींची एक मालिकाच आहे. डॉ. ढेरे यांनी ‘मुसलमान मराठी संतकवी’ या पुस्तकात ती एकत्र गुंफली. शेख महंमद हा त्या माळेतला मेरुमणी.

आता थोडे आमच्या बाजूला वळू. बेळगाव हा आदिलशाहीचा मुलूख होता. किल्ल्यातली साफा मशीद आदिलशाही सरदार असदखान लारीच्या काळातली, 1519 मधली. कॅम्पातला असदखानाचा दर्गा बेळगावकरांच्या रोजच्या वाटेवर आहे. त्या आदिलशाहीच्या राजधानीत, विजापुरात, चिश्ती सूफींची एक मोठी परंपरा नांदत होती. शाह मीरांजी, त्यांचे पुत्र बुऱ्हाणुद्दीन जानम आणि नातू अमीनुद्दीन आला या तिच्या तीन पिढ्या. त्यांनी फारसी बाजूला ठेवून दखनीत रचना केली. जानम यांचा ‘इर्शादनामा’ 1582 चा. या परंपरेतून पुढे ‘चक्कीनामे’ आले. बायकांनी जात्यावर बसून म्हणायची ही सूफी गाणी. जात्याच्या उभ्या खुंट्यात अल्लाच्या नावाचे पहिले अक्षर पाहायचे, फिरत्या तळीबरोबर नाम घ्यायचे आणि दळण संपेतो ध्यान चालू ठेवायचे. रिचर्ड ईटन यांनी 1978 मध्ये विजापूरच्या सूफींवर लिहिलेल्या ग्रंथात या गाण्यांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. दख्खनमध्ये इस्लाम घराघरांत कसा पोचला याचे उत्तर त्यांना दरबारात सापडले नाही, ते जात्यापाशी सापडले.

हे इथे मुद्दाम सांगतो, कारण सीमाभागातल्या आपल्या आज्यांनी त्याच जात्यावर विठ्ठलाच्या ओव्या म्हटल्या. पहाटेची वेळ तीच, जात्याची घरघर तीच, खुंट्याला दोघींनी मिळून धरलेले हात तसेच. एका घरातून पंढरीचे नाव निघत होते, शेजारच्या घरातून पैगंबराचे. शेख महंमदांची मराठी ओवी आणि विजापूरचा दखनी चक्कीनामा यांचा उगम वेगळा, प्रदेशही वेगळा. दोघांनी काम मात्र एकच केले. ग्रंथातले अध्यात्म राबणाऱ्या माणसाच्या तोंडी दिले.

सीमाभागात हे अजून पूर्ण पुसलेले नाही. मोहरमला खेड्याखेड्यांत पीर बसतात. काही गावांत मुसलमानांचे घर उरलेले नाही, तरी पंजे उठतात आणि मानकरी गावातलेच हिंदू असतात. खत्तलरात्रीला अख्खा गाव जागा असतो, चोंगे आणि मलिदा घरोघर जातो. त्याच गावात पुढे ज्ञानेश्वरीचे पारायण बसते, काकडा होतो, पंढरीला दिंडी निघते. घरी दखनी, बाजारात कन्नड, शाळेत आणि भजनात मराठी, असे तिन्ही भाषांत सहज वावरणारे लोक इथे सगळीकडे भेटतात. शेख महंमदांची मिश्र भाषा पुण्या-मुंबईच्या वाचकाला अडखळवते. बेळगाव-निपाणीच्या वाचकाला तिचा सूर ओळखीचा वाटेल, अशी माझी खात्री आहे.

भाषेचा विषय बेळगावजवळच्या हिंडलग्यात बसून हलकेपणाने काढता येत नाही. 1986 च्या आंदोलनात ज्यांनी मराठीसाठी प्राण दिले त्यांचे स्मारक याच गावात आहे. दर 1 जूनला तिथे माणसे जमतात. ज्या भाषेसाठी एवढी किंमत मोजली ती नेमकी कुणाची, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. मराठी ही एका धर्माची किंवा एका जातीची भाषा आहे असे कुणी म्हणू लागले, तर शेख महंमदांचे 18 प्रसंग त्याला उत्तर आहेत. त्यांच्यापुढे फारसीची प्रतिष्ठा होती, दखनीची सोय होती, तरी आयुष्याचा मोठा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला. त्यांना ज्यांच्याशी बोलायचे होते ती माणसे मराठी बोलत होती. भाषेवर प्रेम करण्याचा याहून सच्चा प्रकार मला ठाऊक नाही. हे प्रेम दुसऱ्या भाषेचा द्वेष करत नाही, हेही त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

हा कवी आपल्यापर्यंत पोचला तो वा. सी. बेंद्रे यांच्यामुळे. शिवछत्रपतींचे अस्सल चित्र शोधून काढणारे इतिहाससंशोधक म्हणून बेंद्र्यांना लोक ओळखतात. त्यांनीच हस्तलिखिते जमवून, पाठ ताडून ‘योगसंग्राम’ संपादित केला आणि 1961 मध्ये शेख महंमदांचा कवितासंग्रह प्रसिद्ध केला. तुकोबांच्या काळाचा शोध घेताना हा सूफी कवी त्यांच्या नजरेत भरला आणि त्याच्यासाठी त्यांनी कष्ट उपसले. त्या आवृत्त्या आता जुन्या वाचनालयांच्या कपाटांत आहेत. 1848 पासून चाललेल्या बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थांनी या मुलखात मराठी ग्रंथ जपले, वाचक घडवले. त्या वाचकांसाठी, आणि कडोली, उचगाव, येळ्ळूर, कारदगा अशा गावांतली साहित्य संमेलने मांडी घालून ऐकणाऱ्या श्रोत्यांसाठी ही निवड आहे.

निवड करताना काही पथ्ये पाळली आहेत. मूळ शब्दाला हात लावलेला नाही. कठीण शब्दांचे अर्थ त्याच पानावर दिले आहेत. फक्त ऐक्याच्या ओव्या वेचून गुळगुळीत शेख महंमद उभे करायचे नाहीत, हे पहिल्यापासून ठरवले होते. म्हणून योगाच्या, श्वासाच्या, गुरुमहिम्याच्या अवघड ओव्याही इथे आहेत, आणि कानउघाडणी करणाऱ्या ओव्याही आहेत. त्यांतल्या काही वाचकाला खटकतील. आपल्या घरातल्या देव्हाऱ्यावर, आपल्या जातीवर, आपल्या पिरावर हा माणूस बोट ठेवतो आहे असे वाटेल. तसे वाटले तर ओवी पुन्हा वाचावी. ती देवावर रागावलेली नाही, देवाच्या नावाने आपण चालवलेल्या आळसावर रागावलेली आहे.

पहिल्यांदा वाचणाऱ्याने अभंगांपासून सुरुवात करावी. ते छोटे आहेत, चालीवर म्हणता येतात, आणि भजनी मंडळाला त्यांची गोडी लगेच कळेल. मग ‘निष्कलंकप्रबोधा’तले उतारे घ्यावेत, तिथे त्या काळचे गाव दिसते. ‘योगसंग्राम’ सर्वांत शेवटी, आणि तोही मोठ्याने वाचावा. ओवी ही कानाने वाचायची गोष्ट आहे. डोळ्यांना जे ओबडधोबड वाटते ते उच्चारताना सरळ होते. एका बैठकीत एक प्रसंगही संपवण्याची घाई करू नये.

शेख महंमद हिंदूंचे की मुसलमानांचे, मंदिर की दर्गा, हा वाद त्यांच्या नावाभोवती पुन्हा पुन्हा उठतो. त्यांच्या कवितेला तो प्रश्नच पडलेला नाही. त्यांची मालकी सांगण्याआधी त्यांची ओवी वाचणे हे आपले पहिले कर्तव्य आहे. साडेतीनशेहून अधिक वर्षे या ओव्या मराठीत आहेत आणि मराठी वाचकाची वाट पाहत आहेत. वाचकहो, हे पुस्तक कपाटात ठेवू नका. पारायणाच्या मंडपात, उरुसाच्या रात्री, शाळेच्या वर्गात, जिथे चार माणसे बसतील तिथे ते उघडा आणि मोठ्याने वाचा. शेजारी दुसऱ्या धर्माचा माणूस असेल तर वाचायला त्यालाच सांगा.

हिंडलगा, जि. बेळगाव